रात्रीचे कामाचे फोन नाकारता येतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. गावोगावच्या गटांतल्या बायांकडून हप्ते गोळा करायचे आणि सहापर्यंत शाखेत हिशोब द्यायचा, असं कागदावरचं काम. पण साडेआठला व्हॉट्सॲपवर उद्याची यादी येते, दहाला मॅनेजर साहेबांचा कॉन्फरन्स कॉल असतो, कुणाचा हप्ता राहिला तर अकरालाही फोन. उचलला नाही की सकाळी सगळ्यांसमोर बोलणी बसतात.

फोन बंद ठेवा, असं कृपया सांगू नका. आमच्याकडे सध्या मोटरीची थ्री फेज लाइन रात्रीची आहे. बाबा हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात एकटे असतात, रानडुकरं फिरतात, अंधारात सापाचं भेव. मागच्या आठवड्यात मोटर बंद पडली, ते मला फोन लावत राहिले आणि मी पाऊण तास कॉलवर. शेवटी धुऱ्याधुऱ्यानं अंधारात चालत घरी आले. मला काहीच बोलले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कर्जदार बाईला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तो योग्यच आहे. मग तिच्याकडून वसुली करणाऱ्या माणसाला अशी वेळेची मर्यादा का नसावी?

फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेसेजपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मात्र आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. हे रात्रीचे कॉल त्या तासांत धरता येतात का? हा कायदा पूर्ण लागू व्हायला ठरावीक संख्येनं माणसं कामावर लागतात आणि आमच्या शाखेत आम्ही सहाच जण आहोत. माणसं शाखेची मोजतात की सगळ्या कंपनीची?

सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे कुणी अशी तक्रार केली आहे का? आधी कंपनीलाच लेखी द्यावं म्हणतो. सहाही जणांनी मिळून सही केली तर एकट्यावर राग निघणार नाही, असं मला वाटतं. अशा अर्जाचा नमुना असेल तर द्या. हरभऱ्याचं दुसरं पाणी पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी मिळाला तर फार बरं होईल.