नव्या पोराला ‘दमानं घे’ म्हणणारे कामगार चुकले का?

उद्यमबाग सुपरवायझर:
आमच्या बेळगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, खानापूरकडचं एक पोरगं मोल्डिंगला, म्हणजे बॉक्समध्ये वाळू ठासून साचे करायला, लागलं. हात भलताच चलाख. दुपारच्या डब्याआधी चाळीस बॉक्स भरून मोकळं. बाकीचे दिवसभरात साठ करतात. तिसऱ्या दिवशी जुन्या मामांनी त्याच्या हातातला रॅमर (वाळू ठासायचं हत्यार) काढून घेतला, “दमानं घे की रं.” पलीकडचे अण्णा कन्नडात, “सावकाश माडो.” एरवी मराठी-कन्नडवरून गावात काय काय होतं, पण इथं दोघांचं एकमत! आठवड्यात पोरगं साठावर आलं. मला याचा खरंच राग येतो. पैसे बॉक्सवर मिळतात, घरात आई आजारी. त्याची कमाई अडवायचा यांना काय अधिकार?

मच्छेकर, २२ वर्षं मोल्डिंगला:
साहेब, साठच का, हे कधी विचारलंत? आधीच्या कारखान्यात आम्ही दोघा पोरांनी ऐंशीवर नेलं होतं. दोन महिने बरे पैसे आले. मग एक जण घड्याळ घेऊन उभा राहिला. ऐंशी हाच कोटा ठरला आणि बॉक्समागचा दर उतरला. पन्नाशीतले दोघे त्यात टिकले नाहीत. त्यातल्या एकानं मला वाळू किती ओली हवी ते मुठीत दाबून शिकवलं होतं. त्यांच्या घरावरून जाताना आजही मान खाली जाते.

शहापूरचा मास्तर (मॅनेजमेंट शिकवतो):
मच्छेकर, तुमचा अनुभव खोटा नाही, पण भीती दरवेळी अनुभवातूनच येते असं नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ साली टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या १४ जणांच्या खोलीत निरीक्षक बसवला होता. तिथंही ‘दिवसाचं पुरेसं काम’ गटानंच ठरवलेलं. जास्त करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. दर कापतील, असं ते म्हणत, पण त्यांच्यापैकी कुणाच्याच बाबतीत तसं घडलेलं नव्हतं. त्या खोलीत दोन कंपू होते, पुढच्या बाजूचा आणि मागच्या बाजूचा. म्हणजे माणूस कुठं उभा राहून काम करतो, यावरही जवळीक ठरते. मामा आणि अण्णा एकाच वाळूच्या ढिगावर आहेत, यात नवल नाही.

निपाणीची लेक:
मास्तर, ती खोली १९३२ च्या मे महिन्यात काम नाही म्हणून बंद झाली, हेही सांगा ना. बाहेर मंदी. मग त्यांची भीती खुळी कशी? माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, मजुरी हजारावर. जिचा हात मंदावला तिला शेजारणी आपल्या सुपातल्या विड्या द्यायच्या. अडवणाराच गट सांभाळतोही. तुम्ही त्यातलं अर्धंच बघताय.

उद्यमबाग सुपरवायझर:
ताई, पटलं. पण सांभाळायची किंमत त्या पोरानं एकट्यानं का द्यायची? काल मालकांना विचारलं, वर्षभर दर बदलणार नाही असं बोर्डावर लिहाल का? “बघू” म्हणाले. आज चार वाजता बघितलं, साठ बॉक्स झालेले, पोरगं वाळूच्या ढिगावर हात पुसत बसलेलं. शिफ्ट सुटायला अजून दीड तास होता.

मच्छेकर:
तो कागद बोर्डावर लागू दे साहेब. मामांना मी स्वतः येऊन सांगतो.