२००८ आर२ वरून नव्या सर्व्हरवर जायचंय: १४ जणांचं ऑफिस, कुठे कुठे अडेल?

हिशेबखाते

नमस्कार. मी हिशेब बघते. ऑफिसात आम्ही १४ जण, त्यात संगणकाचं थोडंफार कळणारी मीच, म्हणून गेली सहा वर्षं सर्व्हरही माझ्याकडे आहे. यंत्र २०११चं, त्यावर विंडोज सर्व्हर २००८ आर२. डोमेन (सगळ्यांची लॉगिन एका जागी सांभाळणारी व्यवस्था) त्याहून जुनं, २००३च्या सर्व्हरवर तयार झालेलं आणि तसंच पुढे आणलेलं.

सगळ्यांचं लॉगिन त्यावर आहे. शिवाय शेअर केलेल्या ३८० जीबी फायली, प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर (डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ एक्स्प्रेस, मागे यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावलेलं) आणि कोपऱ्यातलं मोठं कॉपीयंत्र, जे स्कॅन केलेले कागद थेट सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये टाकतं.

मागच्या महिन्यात चारपैकी एका डिस्कचा दिवा पिवळा झाला. डिस्क बदलली. रेड (चारही डिस्कांनी मिळून डेटा सांभाळायची रचना) पुन्हा बांधून व्हायला अख्खी रात्र लागली आणि ती रात्र मी ऑफिसातच काढली. दर तासाला किती टक्के झालं ते बघायचं, दुसरं हातात काही नव्हतं. ११ वर्षांची खाती त्या पेटीत आहेत. सकाळी मालकांना सांगितलं की आता हे पुढे ढकलायचं नाही, आणि त्यांनीही लगेच होकार दिला.

विक्रेता म्हणतो, "शनिवारी येतो, सगळं कॉपी करतो, सोमवारी काम सुरू." मला ते इतकं सोपं वाटत नाही, पण नेमकं कुठे अडेल हेही सांगता येत नाही. जुन्यावरच अपग्रेड चढवावं का? नवीन घ्यायचा तर २०२२ की २०२५? आणि जुना बंद कधी करायचा?

रात्रपाळी

छोट्या ऑफिसांचे सर्व्हर हलवणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्यावर अपग्रेड चढवू नका. २००८ आर२ वरून २०२२वर थेट जाताच येत नाही, मधे थांबे घ्यावे लागतात, आणि प्रत्येक थांब्यावर भार त्याच दमलेल्या डिस्कांवर. नवीन यंत्र शेजारी उभं करा, कामं एकेक करून तिकडे न्या, जुना शेवटपर्यंत चालू ठेवा.

२०२२ की २०२५, हे तुमच्या बाबतीत डोमेनच ठरवतं. २०२५चा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) जोडायला डोमेनची फंक्शनल लेव्हल, म्हणजे डोमेन कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी चालतं ती पातळी, किमान २०१६ असावी लागते. तुमचा २००८ आर२ कंट्रोलर म्हणून उभा आहे तोवर ती लेव्हल २००८ आर२च्या वर चढणार नाही. २०२२ला मात्र २००८ची लेव्हल पुरते, आणि त्याचे सुरक्षा पॅच ऑक्टोबर २०३१ पर्यंत मिळणार आहेत. म्हणून २०२२ घ्या. सर्व्हर वापरणाऱ्यांसाठीचे क्लायंट परवानेही नव्या आवृत्तीचे लागतात, जुने चालत नाहीत. कोटेशनमध्ये ते धरलेत का ते बघा, बऱ्याचदा राहून जातात.

डोमेन २००३चं आहे हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार बरं झालं. विक्रेत्याचा शनिवार बहुतेक तिथेच अडला असता. २००३च्या काळात सिसव्हॉल या डोमेनच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या फोल्डरची कंट्रोलरांमधली देवाणघेवाण एफआरएस नावाच्या जुन्या पद्धतीनं व्हायची. सर्व्हर बदलला तरी ती पद्धत आपोआप बदलत नाही, आणि २०१९ पासूनचे सर्व्हर अशा डोमेनमध्ये कंट्रोलर व्हायला साफ नकार देतात. आधी फंक्शनल लेव्हल २००८ वर आहे का बघा, नसेल तर चढवा. मग नव्या डीएफएसआर पद्धतीवर जाण्यासाठी डीएफएसआरमिग ही कमांड वापरून स्टार्ट, प्रिपेर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड अशा पायऱ्या चढायच्या. प्रत्येक पायरीवर थांबा, सगळं स्थिर झालंय असं उत्तर आलं की मगच पुढची. एलिमिनेटेडनंतर मागे फिरता येत नाही, तेव्हा त्याआधी बॅकअप हवाच. हे काम नवीन यंत्र यायच्या आधीच, एखाद्या साध्या दिवशी उरकून घेता येतं.

आता फायली. इथे मी स्वतः चुकलोय. सुरुवातीच्या काळात एका ऑफिसचा सगळा डेटा रोबोकॉपीनं (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) नेला, मोजणी जुळली, समाधानानं घरी गेलो. रोबोकॉपी आपणहून फक्त डेटा, गुणधर्म आणि तारखा नेते, परमिशन्स (कुणाला काय उघडता येईल ते) नेत नाही. त्या न्यायला 'कॉपी ऑल' हा स्विच वेगळा द्यावा लागतो. मी दिला नव्हता. नव्या जागी प्रत्येक फोल्डरनं वरच्या फोल्डरच्या परमिशन्स घेतल्या आणि सोमवारी सकाळी पगाराची शीट सगळ्यांना उघडत होती. कुणीतरी उघडलीही. त्या ऑफिसातल्या माणसांत त्यानंतर जे बोलणं झालं ते मला अजून आठवतं. म्हणून परमिशन्स नेल्या एवढ्यावर आता मी थांबत नाही. साध्या कर्मचाऱ्याच्या लॉगिननं बसून पगाराचा, करारांचा, मालकांचा फोल्डर उघडून बघतो, आणि "प्रवेश नाकारला" दिसलं की मगच पुढे जातो.

रोबोकॉपीबद्दल आणखी दोन गोष्टी. उघडी फाईल लागली की ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि असे प्रयत्न दहा लाख वेळा करण्याची तिची मूळ सेटिंग आहे. दोन्ही आकडे कमी करा, नाहीतर रात्रभर एकाच फाईलवर अडकून बसेल. मिररचा (ठिकाण हुबेहूब स्रोतासारखं करणारा) स्विच वापरताना स्रोत आणि ठिकाण दोनदा वाचा. उलटं लिहिलं तर रिकाम्या नव्या फोल्डरचा आरसा म्हणून भरलेला जुना फोल्डर पुसला जातो.

पहिली कॉपी आठवडाभर आधी करा. शनिवारी मग फक्त बदललेल्या फायली न्यायच्या राहतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सर्व्हरचं नाव कुठे कुठे लिहिलेलं आहे ते आत्तापासून वहीत टिपायला लागा. मॅप केलेले ड्राइव्ह, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, एका एक्सेलमधून दुसऱ्या एक्सेलला जोडलेली सूत्रं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सेटिंग, कॉपीयंत्राचं ॲड्रेसबुक, हातानं डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) भरलेली यंत्रं. डेटा हलवणं हे एका रात्रीचं काम आहे. खरा वेळ जातो तो जुन्या नावानं हाक मारणारे शोधण्यात.

तळघर

डोंगलबद्दल. नवीन यंत्रावर हायपर-व्ही (एका यंत्रात अनेक सर्व्हर चालवायची विंडोजची सोय) टाकून आत दोन व्हर्च्युअल सर्व्हर करणार असाल (स्टँडर्डच्या परवान्यात दोन चालतात, एक डोमेनला आणि एक फायली-हिशेबाला, मीही हेच सुचवेन), तर लक्षात घ्या: मागच्या पोर्टला लावलेलं यूएसबी डोंगल हायपर-व्ही आतल्या व्हर्च्युअल सर्व्हरला देत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना डोंगलऐवजी फाईलचा परवाना मागा, किंवा नेटवर्कवरून यूएसबी पुरवणारं छोटं उपकरण लावा. खरेदीच्या आधीच विचारा.

डेटाबेस: २००८ आर२चा बॅकअप एसक्यूएल २०१९ एक्स्प्रेसवर रिस्टोअर होतो आणि कंपॅटिबिलिटी लेव्हल १००वर (म्हणजे जुन्या २००८ आर२सारखी वागणूक) ठेवता येते. पण नव्यावर गेलेला डेटाबेस जुन्यावर परत येत नाही. म्हणून नव्यावर पहिली नोंद करण्याआधी ताळेबंद आणि खात्यांच्या शिल्लक रकमा दोन्हीकडे छापून शेजारी ठेवा. तुम्ही स्वतः हिशेब बघता, हे तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी करणार नाही.

हिशेबखाते

दोघांचेही मनापासून आभार. उत्तरं छापून विक्रेत्यासमोर ठेवली. एफआरएसचं त्याला ठाऊक नव्हतं, पण त्यानं ते मोकळेपणानं मान्य केलं आणि शनिवारचा हट्ट सोडला. परवा संध्याकाळी तपासलं: फंक्शनल लेव्हल खरंच २००३वरच होती!

वहीत आत्तापर्यंत ४१ नोंदी झाल्यात. सर्वांत जास्त एक्सेलमध्ये. आमच्या मासिक अहवालाची एक फाईल नऊ वेगवेगळ्या फायलींमधून आकडे उचलते आणि प्रत्येक सूत्रात जुन्या सर्व्हरचं पूर्ण नाव आहे. ही सगळी सूत्रं हातानं बदलू का?

आणि बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर होतो, हिरवी खूण येते. तो पुरेसा धरायचा ना?

रात्रपाळी

सूत्रं बदलू नका. जुना सर्व्हर डोमेनमधून पूर्ण बाहेर काढून झाला की नेटडॉम कमांडनं नव्या सर्व्हरला जुनं नाव पर्यायी नाव म्हणून जोडता येतं. शेअरची नावं तीच ठेवलीत तर एक्सेलला फरक कळणारही नाही. नुसती डीएनएसमध्ये नोंद टाकून काही ठिकाणी लॉगिनची अडचण येते, नेटडॉम त्यासोबतच्या नोंदीही करतं.

हिरव्या खुणेवर मी कधीच विसंबत नाही. बॅकअप दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उतरवून बघा. हिशेबाचा डेटाबेस रिस्टोअर करा, उघडा, मागच्या वर्षीचं एखादं व्हाउचर शोधा. सापडलं तर तो बॅकअप.

हिशेबखाते

पाच आठवड्यांनी लिहितेय, कारण अशा धाग्यांत पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही आणि वाचणारा अडकून राहतो.

आधी बॅकअप. बाहेरच्या डिस्कवरून डेटाबेस उतरवायला गेले तर फाईल्स होत्या, पण डेटाबेसचा फोल्डर त्यात नव्हताच. चार वर्षांपूर्वी डेटाबेस दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता आणि बॅकअपच्या यादीत तो ड्राइव्ह कुणी घातला नव्हता. म्हणजे त्या पिवळ्या दिव्याच्या रात्री आणखी एक डिस्क गेली असती तर खाती गेली होती. हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. त्याच दुपारी डेटाबेसचा वेगळा बॅकअप लावला, दुसऱ्या संगणकावर उतरवला, आणि मागच्या मार्चचं एक व्हाउचर शोधून काढलं.

सिसव्हॉलच्या पायऱ्या चार दिवसांत चढलो. नवा कंट्रोलर कुरकुर न करता जोडला गेला, डोमेनच्या पाचही मुख्य भूमिका त्याच्याकडे दिल्या. डोंगलच्या जागी फाईलचा परवाना मिळाला. शिल्लक रकमांचे दोन छापील कागद टेबलावर शेजारी ठेवून पट्टीनं एकेक ओळ जुळवली. दोन तास लागले, पैचाही फरक नाही.

जुना काढून टाकण्याआधी एका शनिवारी त्याची फक्त नेटवर्क केबल काढली आणि काय बोंबलतं ते बघत बसले. प्रिंटर ठीक, लॉगिन ठीक. वहीत नसलेले दोघे सापडले: हजेरीचं यंत्र, ज्यात जुना डीएनएस हातानं भरलेला होता, आणि मालकांच्या लॅपटॉपवरचा एक शॉर्टकट.

कॉपीयंत्र मात्र नव्या सर्व्हरवर स्कॅन टाकायला तयारच नाही. आयपी, पासवर्ड सगळं बरोबर आहे. विक्रेता म्हणतो, नव्यावर एसएमबी१ (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालू करू, लगेच चालेल.

रात्रपाळी

एसएमबी१ चालू करू देऊ नका. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून. नव्या सर्व्हरवर तो मुद्दामच बंद येतो. आधी कॉपीयंत्राचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का बघा, बऱ्याच यंत्रांना त्यातून एसएमबी२ मिळतं. नसेल तर स्कॅन ईमेलवर पाठवायला लावा.

आणि जुना आता डिमोट करून टाका, म्हणजे त्याचं कंट्रोलरपद काढा. कंट्रोलर असतानाच नुसता बंद करून ठेवू नका. साधारणपणे १८० दिवसांनंतर (२००३वर तयार झालेल्या काही डोमेनमध्ये ६० दिवसांनंतरच) असा कंट्रोलर पुन्हा चालू केला तर हटवलेल्या जुन्या नोंदी परत डोकं वर काढतात.

हिशेबखाते

फर्मवेअर मिळालं, स्कॅन चालू झालं. जुना काल डिमोट केला, डोमेनमधून काढला, नव्याला त्याचं नाव जोडलं. मासिक अहवाल उघडला, नऊच्या नऊ फायलींचे आकडे आले. जुन्याच्या डिस्का पेटीतच ठेवल्यात, वर तारखेचं लेबल लावलंय आणि वीजेची वायर माझ्या कपाटात आहे.