मदत हवी आहे: एट्रियल फिब्रिलेशनच्या मॉडेलमध्ये व्हेगसचा परिणाम कसा धरावा?

नमस्कार मंडळी,

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे एट्रियमची, अनियमित थरथर) टिकून राहण्यात स्वायत्त चेतासंस्थेचा, म्हणजे व्हेगस आणि सिंपथेटिक नसांचा, हात किती, हे सिम्युलेशनमधून तपासतोय. पेशीसाठी कूर्तमांश, रामिरेझ आणि नॅटल यांचं १९९८चं मॉडेल घेतलंय. त्यात व्हेगसच्या टोकांतून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनमुळे उघडणारा पोटॅशियम प्रवाह नाही, तो वेगळा जोडला.

ऊतीचा तुकडा ५ सेंटीमीटर बाजूचा चौकोन आहे. लहर सेकंदाला ६० सेंटीमीटर धावते आणि रिफ्रॅक्टरी काळ (एकदा उत्तेजित झालेली पेशी पुन्हा उत्तेजित होऊ शकत नाही तो वेळ) ३०० मिलिसेकंद धरला, तर लहरीची लांबी भरते १८ सेंटीमीटर. एवढ्याशा जागेत ती फिरणार कुठून? अ‍ॅसिटिलकोलीन वाढवलं की रिफ्रॅक्टरी काळ आखडतो, लहर तोकडी होते आणि गोल फिरणाऱ्या लहरीचा भोवरा टिकतो. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे.

पण खऱ्या एट्रियममध्ये व्हेगसची टोकं सगळीकडे सारखी नसतात. कुठे दाट, कुठे विरळ, आणि पल्मनरी व्हेन्सच्या (फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या) तोंडापाशी तर गँग्लियांचे (चेतापेशींच्या गाठींचे) पुंजकेच. म्हणून अ‍ॅसिटिलकोलीन ठिपक्याठिपक्यांनी पसरवलं. सरासरी मात्रा तीच ठेवली तरी ठिपके कसे पडले त्यावर निकाल पालटतो: एकदा एकच स्थिर भोवरा, एकदा लहरींच्या चिंध्या, एकदा सगळं शांत. मग ठिपक्यांचा आकार कशाच्या आधारावर ठरवायचा? यावर माझं घोडं अडलंय.

दुसरं म्हणजे वेळ. व्हेगसचा परिणाम एखाद्या ठोक्यात दिसतो. सिंपथेटिकचा मात्र सायक्लिक एएमपी आणि प्रोटीन कायनेझ ए अशा पेशीतल्या रासायनिक साखळीतून येतो, त्याला काही सेकंद लागतात. दोन्ही एकत्र चालवावेत का?

आणि पडताळा कशाशी घ्यायचा? हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) इथे कामाची नाही, कारण फिब्रिलेशन चालू असताना ठोके सायनस नोड (हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर) ठरवतच नाही.

प्रतिसाद

ठिपक्यांचा एकच खरा नकाशा शोधत बसू नका. शेजारच्या पेशी गॅप जंक्शननी (पेशींमधल्या सूक्ष्म वाहिन्यांनी) जोडलेल्या असतात, त्यामुळे फार बारीक ठिपक्यांमधला फरक आपोआप पुसला जातो. तुमच्या मॉडेलमध्ये हे कोणत्या आकाराखाली होतं ते आधी काढा. तिथून वर काही मिलिमीटरपासून सेंटीमीटरपर्यंत जा, प्रत्येक आकारासाठी भरपूर यादृच्छिक नकाशे चालवा आणि किती वेळा भोवरा टिकला ते प्रमाण मांडा. एकट्यादुकट्या रनवरून काही म्हणू नये.

रन दोन-चार सेकंदांचाच असेल तर सिंपथेटिक पातळी स्थिर धरायला हरकत नाही. मात्र ती पातळी बदलताना कॅल्शियम प्रवाह, आयकेएस (संथ पोटॅशियम प्रवाह) आणि फॉस्फोलॅम्बन (पेशीतल्या कॅल्शियम पंपाला आवर घालणारं प्रथिन) तिन्ही एकदम हलवा, एकट्या कॅल्शियमवर भागवू नका.

पडताळ्यासाठी ठोक्यांमधलं अंतर घेऊ नका. एव्ही नोडवरही (एट्रियमकडून खालच्या कप्प्यांकडे ठोका पोचवणाऱ्या गाठीवरही) व्हेगसचा अंमल असतो, त्यामुळे दोन परिणाम एकमेकांत मिसळतात. ईसीजीतल्या फिब्रिलेटरी लहरींची वारंवारता घ्या. छातीवरच्या व्ही१ लीडमध्ये त्या सहसा सगळ्यात ठळक दिसतात.