फर्ग्युसन टीईएफ-२० : सीटचा पाटा वेल्डिंगशेजारी पुन्हा तडकला, वाटीलाही चिरा

नांगरफाळ :
१९५० च्या दशकातला डिझेल फर्ग्युसन आहे, टीईएफ-२०. सीट मूळचीच. दाबून काढलेली पत्र्याची वाटी, खाली एकच पाटा (स्प्रिंगची पट्टी), आणि पाट्याचं पुढचं टोक लिफ्टच्या (मागची अवजारं उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या) झाकणावर बोल्टने आवळलेलं. पाटा पूर्वी बोल्टपाशी तुटला होता, तो वेल्डिंग करून जोडलाय. जोड शाबूत आहे, पण त्याच्या शेजारी अर्ध्या इंचावर आडवी भेग आली आहे. वाटीच्या एका भोकापासून दोन चिरा गेल्यात, लांब चीर ४० मि.मी. पत्रा इतरत्र २.५ मि.मी. भरतो, भोकापाशी गंजून १.५ राहिलाय.

ट्रॅक्टर अजून चालतो आणि चालताच ठेवायचाय. पाट्याला जाड रॉडने पुन्हा वेल्डिंग चालेल का? वाटीखाली प्लेट मारावी का?

कमानपाटा :
पाट्याला वेल्डिंग नको, रॉड कुठलाही असो. पाटा स्प्रिंग स्टीलचा, त्यात कार्बन जास्त. वेल्डिंगची कड लालबुंद होऊन बाजूच्या गार लोखंडामुळे झटक्यात थंड होते आणि काचेसारखी कडक बनते. त्याच्या पलीकडे उलट पाट्याला दिलेलं पाणी (कडकपणा) उतरून तो मऊ पडतो. म्हणून जोड टिकतो आणि शेजारी तुटतं, तुमच्याकडे झालंय तेच. चालत्या ट्रॅक्टरवर सीट मागे कोसळली तर माणूस थेट अवजारावर पडतो, तेव्हा इथे जुगाड नको.

ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे जुना पाटा नमुना म्हणून न्या, तुटलाच असेल तर दोन्ही तुकडे जोडून बाकाचा आकार कागदावर काढून घ्या. भोकं त्याच्याकडून गरम असतानाच पाडून घ्या, तयार पाट्यावर साधं ड्रिल घासत बसतं. भोकाच्या दोन्ही बाजूंच्या धारदार कडा थोड्या घासून मोडायला सांगा. बाक देऊन झाल्यावर तेलात पाणी देऊन (लाल तापवून तेलात बुडवून कडक करून) उतारा (पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा घालवणं) काढायलाच हवा. पुष्कळजण गरम करून वाकवतात आणि तसाच हवेत गार करतात, मग पाटा वजनाने दबून तसाच राहतो.

ग्राइंडरच्या रेघा पाट्याच्या लांबीच्या दिशेनेच हव्यात. सीटवर वजन आलं की ताण वरच्या बाजूला येतो आणि आडव्या रेघेतून भेग सुरू होते.

पत्राकाम :
वाटी वाचेल, ती साध्या पत्र्याची आहे. आधी चिरा कुठे संपतात ते शोधा, डोळ्याला दिसतं त्याच्या ५-७ मि.मी. पुढे असतात. रंग काढा, रॉकेल लावून १० मिनिटं ठेवा, कोरडं पुसा, वरून खडूची पूड चोळा. चिरेत राहिलेलं रॉकेल खडूवर रेघ उठवतं. त्या टोकाला ३ मि.मी.चं भोक पाडा. हे न करता वेल्डिंग केलंत तर चीर पुढे चालूच राहते.

भोकाभोवतीचा दीड मि.मी.चा भाग वेल्डिंगने भरू नका, जळून खड्डा पडेल. चांगला पत्रा लागेपर्यंत तो गोल कापून काढा आणि १२ गेजचा तुकडा ठोकून त्याच गोलाईत बसवा. कापलेल्याचे कोपरे गोल ठेवा. मिग (तारेचं वेल्डिंग) असेल तर उत्तम, नाहीतर २.५ मि.मी.चा ६०१३ रॉड, ७० अँपिअरच्या आसपास, मागे तांब्याची पट्टी धरून. एका वेळी २० मि.मी.पेक्षा जास्त ओढू नका. समोरासमोर ठिपके मारत चला आणि हात टेकवता येईल इतकं गार होऊ द्या, नाहीतर वाटी पिळवटते आणि चारही बोल्ट कधी एका पातळीत येत नाहीत.

खालून प्लेट मारायचीच तर ३ मि.मी., कोपरे गोल, वाटीच्या बाकाला बरोबर चिकटणारी. सपाट प्लेट बोल्टने ओढून बसवली की तिची कड पत्र्याला कायम टोचत राहते आणि पुढची चीर तिथूनच सुटते. कडेची फट सीलंटने बंद करा, नाहीतर मध्ये पाणी मुरतं.

बॉडी फिलर (पत्र्याचे खड्डे भरायची लांबी) शक्यतो नको. सीट सतत लवते, फिलर लवत नाही.

गंजरोधक :
वाटीचा गंज काढायला पाण्यात धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा चार्जर छान काम करतो. १० लिटरला दोन-तीन मोठे चमचे सोडा पुरे. वाटी ऋण टोकाला, साधी लोखंडी सळई धन टोकाला, आणि दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. स्टेनलेसची सळई घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो.

पाटा मात्र त्या टाकीत घालायचा नाही, आम्लातही नाही. हायड्रोजन स्प्रिंग स्टीलमध्ये शिरला की पाटा ठिसूळ होतो. त्याला ताराचा ब्रश आणि पॉलिश पेपरच.

वाटीतली पाण्याची भोकं नवीन रंगाने बुजवू नका. गादी हवीच असेल तर ती सुटी, ५० मि.मी. रिबॉन्डेड (तुकडे दाबून केलेल्या) फोमवर रेक्झीन. चिकटवलेल्या फोमखाली वाटी वर्षभर ओली राहते.

नांगरफाळ :
पाटेवाला म्हणतो, मापाचा माल नाही, जवळची जाड पट्टी टाकू, मजबूतच होईल. टाकू का?

कमानपाटा :
नको. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० मि.मी.ऐवजी ११ घातलात तर ३३ टक्के कडक, १२ घातलात तर पावणेदोनपट. मग लवायचं काम पाटा करत नाही, सगळा दणका वाटीच्या भोकांवर आणि तुमच्या कमरेवर. जुन्या पाट्याची जाडी गंज नसलेल्या ठिकाणी, शक्यतो बोल्टखाली दबलेल्या भागात मोजा आणि तेवढीच घ्या. रुंदी दोन-तीन मि.मी. इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही.

बोल्ट घेण्याआधी आट्यांवर पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावून बघा. या ट्रॅक्टरवर बहुतेक ठिकाणी यूएनएफ-यूएनसी (इंचाच्या मापाचे बारीक आणि जाड) आटे आहेत. जवळचा मेट्रिक बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि लिफ्टच्या झाकणातले आटे खाऊन टाकतो. बोल्ट हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे) घ्या, खाली जाड वॉशर. पहिले पाच-सहा तास चालवल्यावर पुन्हा आवळा. ढिल्या बोल्टवर पाटा झाकणाच्या कडेवर आपटत राहतो आणि तिथेच तुटतो.