रस्ता न खोदता मलवाहिनी पलीकडे कशी नेतात?

प्रश्न (शिवडीकर)
नमस्कार. आमच्या इमारतीसमोर दोन महिन्यांपासून मलवाहिनीचे काम सुरू आहे. नाक्यावर पत्रे लावून एका खोलीएवढा खोल खड्डा घेतला आहे आणि तसाच दुसरा सिग्नलच्या पलीकडे, सुमारे शंभर मीटरवर आहे. मधल्या रस्त्याला मात्र कोणी हात लावलेला नाही. त्यावरून बेस्टच्या बसगाड्या नेहमीसारख्या धावतात. क्रेनने सिमेंटचे जाड पाइप एकामागून एक पहिल्या खड्ड्यात उतरवले जातात आणि पुढे जमिनीत जातात. ते नेमके दुसऱ्या खड्ड्यातच कसे निघतात? मागच्या गल्लीत जलवाहिनीसाठी खणलेला चर पहिल्याच पावसात खचला आणि एका वयस्कर बाईंचा पाय त्यात अडकला, म्हणून काळजी वाटते.

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता, मुलुंड)
आपण पाहता आहात ते मायक्रोटनेलिंग आहे. पहिल्या खड्ड्यात, म्हणजे शाफ्टमध्ये, मागच्या भिंतीला टेकवून हायड्रॉलिक जॅक बसवतात. पुढे दातेरी तोंडाचे कापणी यंत्र असते आणि त्याच्या पाठीला पाइप लावलेला असतो. जॅक पाइपला ढकलतात, पाइप यंत्राला ढकलतो. एक पाइप पूर्ण आत गेला की जॅक मागे घेऊन पुढचा उतरवतात आणि रबरी रिंगने जोडतात. कापलेली माती व दगडाचा चुरा गाळमिश्रित पाण्यातून पंपाने वर येतो. पाइपभोवती बेंटोनाइट या बुळबुळीत चिकणमातीचा लगदा सोडतात, त्यामुळे घर्षण कमी होते.

दिशा लेझर राखतो. शाफ्टमध्ये पक्क्या बसवलेल्या लेझरचा ठिपका यंत्रातील पट्टीवर पडतो. वरच्या केबिनमधला चालक तो पडद्यावर पाहत यंत्राचे तोंड किंचित वळवत राहतो. मलवाहिनीत ही अचूकता जिवापाड जपावी लागते, कारण मैला पंपाविना केवळ उतारावर वाहतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरपेक्षा कमी झाला तर गाळ तळाशी बसू लागतो.

खचण्याबद्दलची आपली काळजी रास्त आहे. यंत्र जितके पुढे सरकते त्यापेक्षा जास्त माती बाहेर आली, तर वर पोकळी राहते. म्हणूनच बाहेर पडणाऱ्या मालाचा हिशेब ठेवतात आणि रस्त्याची पातळी पुन्हा पुन्हा मोजतात. मुंबईत भरावाची जमीन, खाडीचा चिखल आणि काळा कातळ काही मीटरांच्या अंतरात बदलतात, त्यामुळे हे काम इथे विशेष कठीण असते.

उत्तर (साइट सुपरवायझर, कल्याण)
मागच्या गल्लीचे दुखणे पाइपचे नसून भरावाचे असावे. उघड्या चरात आधी वाळूची गादी घालावी लागते, म्हणजे पाइप दगडाच्या टोकावर टेकत नाही. त्यानंतर बाजूंनी बारीक माती थराथराने टाकून प्रत्येक थर ठोकावा लागतो. पाइपच्या बगलेखालचा भाग हाताने, लाकडी ठोकणीने भरावा लागतो. तिथे यंत्र पोहोचत नाही आणि घाई नेमकी तिथेच होते. पाणी भरून दाबाची चाचणी सांधे उघडे असतानाच घ्यायची असते, नाहीतर गळती शोधण्यासाठी चर पुन्हा खणावा लागतो. पावसाळा तोंडावर आल्यावर सगळा राडारोडा एकदम ढकलून वर डांबर ओढले, तर आत हवा राहते आणि पाणी शिरले की जमीन बसते.

शिवडीकर
आपणा दोघांचे मनापासून आभार. आणखी एक विचारतो. परळपर्यंत येणारा जलबोगदा शंभर मीटर खोल आहे म्हणतात. तो एवढ्या खोल कशासाठी?

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता, मुलुंड)
अमर महाल ते परळ हा सुमारे 9.7 किलोमीटरचा बोगदा साधारण 100 ते 110 मीटर खोलीवरून जातो. इतक्या खाली अखंड कातळ मिळतो, इमारतींचे पाये आड येत नाहीत आणि पाण्याचा दाब भोवतीचा खडक पेलतो. धोका येतो तो वरून. ठाण्यात एका बोअरवेलच्या खोदकामाने मुंबईच्या जलबोगद्याला भोक पडले आणि 2023 मध्ये दुरुस्तीसाठी शहरात पाणीकपात करावी लागली.

शिवडीकर
आमच्या सोसायटीत बोअरवेलचा ठराव रविवारच्या सभेत येणार आहे. खालून बोगदा जातो का, याची विभाग कार्यालयात लेखी विचारणा केल्याशिवाय तो मंजूर करू नये, असे मी तिथे मांडणार आहे.