जुन्या कॉमेडीतली जपानी माणसाची नक्कल, तुम्ही मुलांना काय सांगता?

सिनेवेडा: काल लेकीबरोबर 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (१९६१) लावला, तिला ऑड्री हेपबर्न फार आवडते, आणि सुरुवातीलाच मिकी रूनी या गोऱ्या नटाने केलेला जपानी शेजारी युनिओशी आला. पुढे आलेले खोटे दात, डोळे ताणलेले, धडपडतोय, आरडाओरडा करतोय. लेक म्हणाली बाबा यात हसायचं काय? मला काही बोलताच येईना. पिक्चर बंद करायला हवा होता का?

जुनीरिळं: बंद नको, पण आधी सांगा. १९४२ पासून अमेरिकेत लाखावर जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या पोस्टरांवर जपानी माणसाला हेच दात, हाच चष्मा असायचा. म्हणजे ज्यांनी ते भोगलं तेच लोक १५-२० वर्षांनी थेटरात बसून हे बघत होते, विचार करा जरा. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्सनी स्वतः नंतर खंत व्यक्त केलीये.

परदेशस्थ_मावशी: त्याच एडवर्ड्सचा 'द पार्टी' (१९६८), पीटर सेलर्स हा गोरा नट तोंडाला रंग फासून भारतीय झालाय. पाण्यात वाहत जाणाऱ्या बुटाचा सीन बघून आम्ही घरी लोळून हसायचो. मग इकडे आले आणि ऑफिसात एकाने माझ्यासमोर सेलर्ससारखेच हेल काढून दाखवले, सगळे हसले, मी पण हसले आणि घरी येऊन रडले. बुटाच्या सीनला अजून हसू येतं पण तो आवाज नाही सहन होत.

सिनेवेडा: मावशी, आज रात्री लेकीला हे वाचून दाखवतो आणि मग राहिलेला पिक्चर बघू.