चॅलेंजर आणि कोलंबिया: डोळ्यांनी पाहिले, पण कळले किती?

धागाकर्ता:
अंतराळयानाचा अपघात प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या आठवणींबद्दल मला आदर आहे, पण त्यांना पुरावा मानू नये, असे माझे मत आहे. 28 जानेवारी 1986 रोजी फ्लोरिडात 'चॅलेंजर' उड्डाणानंतर 73 सेकंदांनी, सुमारे 14 किलोमीटर उंचीवर नष्ट झाले. पांढरा लोळ उठला, त्यातून दोन बूस्टर, म्हणजे उड्डाणाला जोर देणारी बाजूची रॉकेट, दोन दिशांना वेडेवाकडे निघाले, आणि खाली उभ्या असलेल्या अनेकांना तो उड्डाणाचाच एखादा टप्पा वाटला. नंतर सगळेच 'स्फोट' म्हणू लागले, आणि तेही नेमके नव्हते. उजव्या बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीने ताठरली होती. तिथून निसटलेल्या ज्वाळेमुळे इंधनाची बाहेरची टाकी निकामी झाली, आणि यानाचे तुकडे केले ते प्रचंड वेगात बसलेल्या हवेच्या माऱ्याने. अंतराळवीरांची केबिन त्या लोळातून जवळजवळ अखंड बाहेर पडली आणि समुद्रावर आदळायला तिला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागला. ती ओळखू आली चित्रफिती बारकाईने तपासल्यावर. सांध्यातून पहिल्याच सेकंदात निघालेला काळा धूरसुद्धा कॅमेऱ्यानेच पकडला.

प्रतिसाद १:
असहमत. 'चॅलेंजर'वरून सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. 1 फेब्रुवारी 2003 रोजी 'कोलंबिया' परतत असताना कॅलिफोर्नियात अजून अंधार होता, आणि काही हौशी मंडळी केवळ ती तेजस्वी रेघ पाहण्यासाठी कॅमेरे घेऊन बाहेर उभी होती. त्या रेघेतून ठिणग्यांसारखे काहीतरी सुटत असल्याचे त्यांच्या चित्रणात आले. त्याच सुमारास ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात डाव्या पंखातल्या चार सेन्सरचे संदेश थांबले होते, पण यानाचे तुकडे गळत आहेत याचा तिथे कोणालाही पत्ता नव्हता. पुढे टेक्सासवर यान फुटले, तेव्हा तिथे सरावासाठी उडत असलेल्या अपाचे हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यात ते तुकडे टिपले गेले. चौकशीला या सगळ्याचा मोठा उपयोग झाला.

धागाकर्ता:
म्हणजे उपयोग कॅमेऱ्याचा झाला. माझाही मुद्दा तोच आहे.

प्रतिसाद १:
कॅमेरा कोणीतरी वर धरला होता, साहेब. तो आपोआप आकाशाकडे वळत नाही.

प्रतिसाद २:
दोघांनीही जमिनीवरच्यांना विसरू नये. पूर्व टेक्सासमध्ये सकाळी आठच्या सुमारास खिडक्या थरथरल्या, गडगडाट बराच वेळ चालू राहिला, आणि मग शेतांत, अंगणांत, रस्त्यांवर तुकडे पडलेले आढळू लागले. लोकांनी त्यांच्या जागा कळवल्या. पुढे हजारो माणसे काटेरी झुडपांतून आणि चिखलातून रांगेने चालली. सुमारे 84 हजार तुकडे मिळाले, म्हणजे वजनाने यानाचा जेमतेम 38 टक्के भाग. हेम्फिल गावाजवळ एका शोधपथकाला यानाचा डेटा रेकॉर्डर सापडला, त्यातली फीत शाबूत होती, आणि डाव्या पंखाची कड आधीपासूनच तापत होती हे तिनेच दाखवले. या शोधात हेलिकॉप्टर कोसळून दोघांचा जीव गेला. ही माणसे साक्षीदार नाहीत, असे कसे म्हणता येईल?

प्रतिसाद ३:
धागाकर्त्यांचा कॅमेऱ्यावरचा विश्वास मला जरा भाबडा वाटतो. 'कोलंबिया'च्या 16 जानेवारीच्या उड्डाणात बाहेरच्या टाकीवरच्या उष्णतारोधक फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर, म्हणजे पुढे जो तापून निकामी झाला त्यावरच, आदळला, हे दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसले होते. काही अभियंत्यांनी कक्षेतल्या यानाची छायाचित्रे घ्यावीत असे सुचवले, पण वरिष्ठांनी ते पुढे नेले नाही. चित्रण हाताशी असून काय उपयोग झाला? कल्पना चावला त्या यानात असल्यामुळे आपल्याकडे त्या शनिवारी रात्री घराघरांतले टीव्ही बंद झाले नाहीत. ती धुराची पांढरी रेघ आम्ही किती वेळा पाहिली याची गणती नाही, पण फोमचे नाव आमच्या कानावर नंतर आले.

धागाकर्ता:
फोमची चित्रफीत असूनही निर्णय झाला नाही, हे मान्य; तिथे माझा मुद्दा लंगडा पडतो. शोधपथकांबद्दलही माझा आक्षेप नाही, कारण त्यांनी हाती लागलेली वस्तू आणून दिली, आठवण नव्हे. पण फ्लोरिडाच्या धावपट्टीजवळ 'कोलंबिया'ची वाट पाहत थांबलेल्या कुटुंबीयांचा विचार करा. यान 9 वाजून 16 मिनिटांनी उतरायचे होते आणि त्याआधी ध्वनीपेक्षा वेगाने येणाऱ्या यानाचे नेहमीचे दोन दणके ऐकू यायला हवे होते. ते आले नाहीत, आणि आकाशात पाहण्यासारखे काहीही नव्हते.